पनवेल, दहा मिनिटं

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी मी डब्याची भाजी फोडणीला टाकत होते आणि ताराकाकूंचा फोन आला. एरवी ताराकाकू फोनवर अशा ओरडून बोलतात की नदीपलीकडून हाक मारताहेत असं वाटावं. त्या दिवशी आवाज एवढासा झाला होता. "बाय, मास्तर गेले गो..." एवढंच म्हणाल्या. मी गॅस बंद केला, तशीच स्कूटर काढली आणि निघाले. ताराकाकूंचे यजमान हिराजी मास्तर ओटीवरच्या त्यांच्या खुर्चीत होते. चहा पिऊन झाला होता, कप उपडा ठेवलेला. तळ्यावर फिरायला निघायचं म्हणून बूट चढवलेले, उजव्या बुटाची लेस बांधलेली, डाव्याची बांधायची राहिलेली. शहात्तराव्या वर्षी इतक्या सुखाने माणूस जातो हे खरं, पण मला त्यांचा रागच आला. कारण बरोब्बर चोवीस दिवसांनी, रविवारी, माझ्या माहेरची माणसं पुण्याहून पनवेल पाहायला यायची होती, आणि नऊ वर्षं ज्या गोष्टीसाठी मास्तर माझ्या मागे लागले होते ती व्हायच्या आतच ते निघून गेले होते.

हिराजी मास्तर म्हणजे एसटीचे कंडक्टर. आपल्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात, पण हे खरोखर शिकवणारे मास्तर निघाले. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी कोकणात जाणाऱ्या आणि घाट चढणाऱ्या गाड्यांवर काढली. गाडी त्यांच्याच गावच्या स्टँडवर लागली की दारात उभं राहून आरोळी द्यायची, "पनवेल, दहा मिनिटं! चहापाणी उरकून घ्या!" प्रवासी उतरायचे, वडापाव खायचे, मुतारीचा वास आला म्हणून नाकाला रुमाल लावायचे आणि परत चढायचे. झालं त्यांचं पनवेल! मास्तर मला एकदा म्हणाले, "बाय, आपली आय घरात बसलेली हाय, आन आपणच पाव्हण्यांना सांगायचं, हिच्याकडं बघू नका, तुमचा चहा झाला की निघा... तसं वाटायचं वो." रिटायर झाल्यावर लोक शेती करतात, नातवंडं खेळवतात. मास्तरांनी ठरवलं, आता लोकांना पनवेलला उतरवायचं. दहा मिनिटांसाठी नाही, पुरे चार तास.

आमची ओळख भांडणातून झाली. मी मूळची पुण्याची, म्हणजे स्वभाव तुम्हाला कळलाच असेल. लग्न होऊन नवीन पनवेलच्या सेक्टरात राहायला आले, नोकरी बँकेत. रुळांपलीकडच्या जुन्या पनवेलला जायचं ते फक्त भाजीला. नऊ वर्षांपूर्वी तिथे वालाच्या शेंगा घेताना मी मैत्रिणीला मोठ्याने म्हणाले, "या पनवेलमध्ये मेलं पाहण्यासारखं आहे तरी काय?" पाठीमागून एकदम 'टक्' असा आवाज आला. वळून पाहिलं तर पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर टोपी आणि हातात तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी पंच घेतलेले एक गृहस्थ. तिकिटाची मशिनं आल्यावर निकामी झालेला तो पंच त्यांनी हौसेने जपला होता. "चार तास हायेत का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कशाला?" तर म्हणाले, "मेलं काय पाहण्यासारखं हाय ते पाहायला." मैत्रीण फिस्सकन हसली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "कुठल्या सेक्टरच्या?" त्या दिवसापासून माझं नाव सेक्टरबाय पडलं ते पडलंच.

रविवारी मी गेले. आणखी सात-आठ जण होते. मास्तरांनी प्रत्येकाला तिकीट दिलं. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून केलेलं पुठ्ठ्याचं तिकीट, वर सुबक अक्षरात 'पनवेल ते पनवेल' आणि खाली सहा टप्पे. टप्पा आला की पंचाने एक भोक. तिकीट फुकट, अट एकच, ती तळाशी लिहिलेली : मधे उतरायचं नाही. एकदा एक साहेब दुसऱ्याच टप्प्यावर "इथे जवळ मॉल कुठे आहे हो?" म्हणाले, तर मास्तरांनी त्यांचं तिकीट काढून घेतलं, रिक्षा थांबवली आणि दोन्ही हात जोडून त्यांना आत बसवलं.

पहिला टप्पा वडाळे तळं. सकाळी सातच्या आत पोचायचं, पाण्यावर बगळे असतात तोवर. तिथे मास्तर काही सांगत नसत, नुसतं बसवत. कुणी मोबाइल काढला की पंच वाजायचा. मग विरूपाक्षाच्या देवळात थंडगार फरशीवर पाच मिनिटं. तिसरा टप्पा मिरची गल्ली. तिथे लाल मिरचीच्या ढिगांतून चालायचं, बायका वर्षाचा मसाला कसा निवडून घेतात ते पाहायचं, सोड्यांचा आणि सुक्या जवळ्याचा वास छाती भरून घ्यायचा, आणि ज्याला पहिली शिंक येईल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. हा मास्तरांचा कायदा. मी पुण्याची असल्याने शिंक दाबून दाबून लालबुंद झाले, शेवटी अशी शिंकले की एका दुकानातली मांजर पळाली. चौथा टप्पा मोहल्ल्यातली बेकरी, तिथली गरम नानकटाई, आणि तिथून जवळच बेने इस्रायली ज्यू मंडळींचं सिनेगॉग. बाहेर उभं राहून मास्तर सांगायचे, "ही माणसं मराठीच बोलतात, तुमच्या-माझ्यासारखी. बांगडाही आमच्यासारखाच खातात. पनवेलीत जो उतरला तो पनवेलचा झाला, असा इथला कायदा हाय." हा कायदा सांगताना ते माझ्याकडे का पाहायचे हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

पाचवा टप्पा बंदर. तिथे आता काय आहे? गाळ, खारफुटी, ओढून ठेवलेल्या दोन-चार होड्या आणि टोपलीत चिंबोऱ्या घेऊन बसलेल्या कोळणी. मी तर तोंडावर म्हटलं, "हे बंदर?" मास्तर चिडले नाहीत. खाडीकडे हात करून म्हणाले, "इथं पाणी होतं. देशावरचं धान्य घाट उतरून बैलगाड्यांनी यायचं, इथं होडीत चढायचं आन मुंबईला जायचं. घाटात चाकं मोडायची, म्हणून चाकं करायचा धंदा पनवेलीत. गाडी कुणाची पण असो, चाक आमचं. पनवेल वाटंवरचं गाव नवतंच कधी, बाय. वाट पनवेलीत येऊन संपायची. सगळ्यांना हितं उतरावंच लागायचं." सांगताना माणूस बोटभर उंच झाला होता! मीठ, मासे, मसाला, सगळं पनवेलमुळेच जगात पोचलं असा त्यांचा दावा असायचा. "तुमच्या पेशव्यांच्या आमटीत मीठ कुठलं? आमच्या आगराचं." मी म्हणायची, "पुरावा?" तर म्हणायचे, "आमटी खारट होती ना? मग झालं." असल्या माणसाशी वाद तरी काय घालणार? पण मी घातला, नऊ वर्षं घातला, आणि त्यांच्यासोबत पन्नासेक फेऱ्या चालले.

आता सहावा टप्पा. तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, आणि सांगायला मला अजून लाज वाटते. उन्हाळ्या-पावसाळ्यात सहावा टप्पा म्हणजे मास्तरांच्या ओटीवर ताराकाकूंच्या हातची तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. पण थंडीत गाढी नदीपलीकडे त्यांच्या राहिलेल्या शेताच्या तुकड्यात पोपटी लागायची. ज्यांनी पोपटी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. भात कापून झालं की बांधावर भांबुर्डा नावाचं उग्र वासाचं रोप उगवतं. मडक्याच्या तळाशी त्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, जाडं मीठ आणि ओवा. तोंडाशी परत पाला गच्च कोंबायचा, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या रचून पेटवून द्यायच्या. पाण्याचा थेंब नाही. शेंगा आपल्याच अंगच्या ओलीने शिजतात. झालं का हे बघायला मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा, चर्र वाजलं की पोपटी तयार.

हे मला आज माहीत आहे. त्या पहिल्या दिवशी मला एवढंच दिसलं की ही भली माणसं मडक्यात पाणी घालायला विसरली आहेत. आपण हुशार! सगळे पाला तोडायला बांधावर गेले होते तेवढ्यात मी तांब्याभर पाणी हळूच मडक्यात ओतलं. जळायला नको बाई, म्हटलं. मग मास्तरांनी पाला कोंबला, मडकं उपडं केलं, भोवती पेंढा रचून पेटवला... आणि आतून धार लागली. विस्तव विझला, धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरू लागले, आणि मी जमिनीने पोटात घ्यावं अशी उभी. मास्तरांनी वाकून ओली माती चिमटीत घेतली, एकदा माझ्या हातातल्या रिकाम्या तांब्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना म्हणाले, "मडक्याला चीर हाय. सकाळीच बघायला पायजे होतं, चूक आमची. तारे, दुसरं मडकं आण गो." दुसऱ्या मडक्यातली पोपटी मी खाल्ली. आयुष्यात इतकं चविष्ट आणि इतकं अवघड जेवण मी दुसरं केलेलं नाही.

जेवणं झाल्यावर मास्तर पंच घेऊन फिरले, सगळ्यांच्या तिकिटावर सहावं भोक पडलं. मी तिकीट पुढे केलं. तेवढ्यात पुण्याहून मावशीचा फोन आला, मी दोन वाक्यं बोलून ठेवला आणि परत तिकीट धरलं. मास्तरांनी पंच खिशात टाकला होता. "तुमचा हा टप्पा अजून आला नाय, सेक्टरबाय. आला की मी सांगेन." बस्स. मला वाटलं, पाण्याची शिक्षा. मान खाली घालून घरी आले. पुढे दर वर्षी पोपटी लावायला मी सगळ्यात आधी हजर, पाला मी तोडायची, शेंगा मी धुवायची, मास्तर सबंध वेळ माझ्या बाजूला उभे राहून गोष्टी सांगायचे. शेवटी मी तिकीट काढायची आणि ते मान हलवायचे. हसत हलवायचे, पण हलवायचेच. नऊ वर्षं माझं तिकीट पाच भोकांचं राहिलं. साठीकडे झुकलेल्या बाईला पुठ्ठ्याच्या तुकड्यासाठी रुखरुख लागावी, हसाल तुम्ही, पण मला लागली होती.

आणि माझ्या माहेरच्यांसाठी त्यांना रुखरुख. माझी थोरली बहीण अनुताई आणि तिचा रोज टेकडी चढणारा गट मुंबईला ये-जा करतो तो एक्स्प्रेसवेवर गाडीत झोपून. "पनवेलला उतरायचं? कशासाठी गं?" असं ती विचारायची. हे मी मास्तरांना सांगून बसले, ती मोठी चूक. दर महिन्याला विचारणा सुरू, "आल्या का तुमच्या ताई? पुण्याची माणसं एकदा हितं उतरली पायजेत, नुसती पास होऊन गेली असं नाय." शेवटी चौदा जण तयार झाले. तारीख ठरली. मास्तरांनी चौदा तिकिटं कापून, लिहून, रबर लावून ठेवली. आणि मग तो गुरुवार उजाडला.

मी फेरी रद्द करायचं ठरवलं होतं. तेराव्याला ताराकाकूंना तसं सांगितलं, तर त्या माउलीचे डोळे वटारलेले मी पहिल्यांदा पाहिले. "रद्द? मास्तरांनी कधी गाडी कॅन्सल केली नाय. दरड पडली तरी फिरवून नेली. तू ने." आणि पदराआडून त्यांनी पंच काढून माझ्या हातात ठेवला. मूठ ज्या जागी धरायचे तिथे लोखंड गुळगुळीत झालं होतं.

त्या रविवारी तळ्यावर मी पंच वाजवला तर कुणी लक्षच दिलं नाही, चौदाही पुणेकर आपसात चर्चा करत होते. देवळातही तेच. रडू यायच्या बेतात आले. पण मिरची गल्लीत शिरले, पंच वाजवला, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या मिरचीवाल्या बाई झटकन उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंच्या दुकानांतून माना बाहेर आल्या. मास्तर आले, असं क्षणभर सगळ्यांना वाटलं... मग त्यांनी मला पाहिलं. त्या बाईंनी सुपात मिरची घेतली, माझ्या पाहुण्यांपुढे धरली आणि म्हणाल्या, "घ्या, वास घ्या. मास्तर आदी वास घ्यायला लावायचे." अनुताईच पहिली शिंकली. बेकरीतल्या चाचांनी नानकटाईचा ट्रे पुढे केला, "मास्तरांचे मेहमान म्हणजे आमचे मेहमान, बेटी." मला त्या दिवशी काही सांगावंच लागलं नाही. गावच सांगत होतं, आणि माझी छाती अशी भरून आली होती की जणू ते सगळं मीच बांधलंय. बंदरावर अनुताई खाडीकडे पाहत म्हणाली, "इतकी वर्षं इथे राहतेस, हे आधी का नाही सांगितलंस?" मी ताडकन म्हटलं, "सांगितलं होतं, तुम्ही झोपलेले असता!" पण ते खोटं होतं. नुसतं 'या' म्हणायची, हे सगळं मी कधीच सांगितलं नव्हतं.

शेतात ताराकाकू मडकं घेऊन बसल्या होत्या. समोर कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्याचा अंगठा आभाळात रुतलेला. पोपटी मी लावली. हबका मीच मारला, चर्र वाजलं, आणि पाला काढल्यावर जो वास सुटला त्याने चौदा पुणेकर चक्क गप्प झाले, हे कुणी लिहून ठेवायला हवं. डोक्यावरून नव्या विमानतळाचं विमान गेलं. मास्तर त्यालाही हात दाखवून सांगायचे, "आमच्या डोक्यावरनं जातंय, आन नाव बघा दुसऱ्या गावाचं!" शेंगा सोलता सोलता अनुताईचा फोन वाजला, तिचे हात भरलेले म्हणून मी घेतला. पलीकडे भाऊजी. "अगं, तुम्ही नवी मुंबईत नक्की आहात तरी कुठे?" मी एकदम फणकारले, "नवी मुंबई काय, भाऊजी! पनवेलला आहोत. पनवेल! माझं गाव आहे हे."

फोन ठेवला तर ताराकाकू उठून उभ्या. पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "आण ते तिकीट." मला काही कळेना. म्हटलं, "काकू, पण मास्तरांनी ते पाण्यापायी..." आणि मग चौदा लोकांसमोर मी नऊ वर्षांपूर्वीच्या तांब्याची कबुली दिली. ताराकाकू हसत सुटल्या, इतकं हसल्या की शेवटी ते हसणं रडणंच झालं. "अगो येडे! पाण्याचं त्यांनी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलेलं, पोट धरून हसत होते. दर पोपटीला तुझ्या बाजूला उभे राहायचे ते कशाला वाटलं तुला? तांब्यावर नजर ठेवायला! तिकीट अडवलं ते फोनापायी. मावशीनं इचारलं कुठं हायस, तू म्हनालीस नवी मुंबईत. पनवेलच्या बांधावर बसून, पनवेलची पोपटी खाऊन! घरी आले आन म्हनाले, तारे, बाय चांगली हाय, पन अजून उतरली नाय."

मी पर्समधून तिकीट काढलं. त्यांनी माझ्या हातून पंच घेतला, आयुष्यात पहिल्यांदाच हातात धरला असावा, दोन्ही हातांनी जोर लावून दाबला. भोक थोडं तिरकं पडलं. "आता झालीस," म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तिथेच शेतात बसून मोठ्याने रडले, लहान पोर रडतं तशी, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

पंच आता माझ्या दाराशी किल्ल्यांच्या खिळ्याला लटकतो. दर रविवारी सकाळी साडेसहाला मी तो काढते, तळ्यावर जाते, जे कुणी आलेले असतील त्यांना तिकिटं देते. तिकिटं आता मीच कापते. माझं स्वतःचं तिकीट मात्र स्वयंपाकघरात ओट्यावरच्या भिंतीला लावलंय. मागून वाचलं तर कुणाच्या तरी लग्नाचं आग्रहाचं निमंत्रण आहे. पुढून सहा भोकं, पाच सरळ आणि एक तिरकं. खाली मास्तरांच्या अक्षरात त्यांचा तो एकच नियम : मधे उतरायचं नाही. सकाळी फोडणी देताना रोज वाचते, आणि रोज त्या भिंतीशी भांडते... मास्तर, चोवीस दिवस तर राहिले होते हो.